कोर्स कुठला, याआधी महिना कसा भागतो: कोल्हापूरच्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे घर कोल्हापूर शहराच्या पूर्व अंगाच्या एका वसाहतीतलं. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आई, वडील, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा अशी घरात चार माणसं. पुढेही त्यांचा उल्लेख असाच केला आहे. काळ २०२२ च्या उन्हाळ्यापासून २०२५ च्या दिवाळीपर्यंतचा.

वडील फौंड्रीत, म्हणजे धातूचं ओतकाम होणाऱ्या कारखान्यात, मोल्डर होते. वीस-बावीस वर्षं साचे भरले, तेही ठेकेदाराकडे, नगावर. कोल्हापुरात फौंड्री म्हणजे काय हे इथल्या माणसाला सांगायला नको. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि पुढे कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत, असा हा पसारा आहे. ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या, पंपाच्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागांवर, हजारो घरं चालतात. पण साचा भरणाऱ्या माणसाचं शरीर चाळिशीनंतर साथ देत नाही. वडिलांची कंबर गेली. ठेकेदाराने ईएसआयसीत, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यात, त्यांचं नाव घातलंच नव्हतं. कायद्याने दहा किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात, ठरावीक मर्यादेपर्यंत पगार असलेल्या प्रत्येकाला हे संरक्षण मिळायला हवं आणि ठेक्यावरचा कामगारही त्यात येतो. यांच्या बाबतीत तसं झालं नाही. उपचार पदरचे, थोडे उसनवारीचे. आम्ही भेटलो तेव्हा ते एका बांधकामावर रात्रीचे वॉचमन होते, काम असेल तोवर.

आई राजारामपुरीत चार घरची धुणी-भांडी करायची.

थोरली २०२० साली दहावी झाली. टाळेबंदीमुळे ज्या बॅचचा भूगोलाचा पेपर रद्द झाला, तीच ही बॅच. अकरावी जवळजवळ पूर्ण मोबाईलवर गेली आणि घरात मोबाईल एकच. कॉलेज जवळ होतं, मैत्रिणी जाणार होत्या, म्हणून तिने आर्ट्स घेतलं. मार्च २०२२ मध्ये बारावीची परीक्षा झाली, जूनमध्ये निकाल लागला, पास झाली. धाकटा तेव्हा नववीतून दहावीत गेला होता.

आमची संस्था लहान आहे. वस्तीतल्या मुलामुलींना शिक्षणाच्या आणि कामाच्या वाटा दाखवायच्या, कागदपत्रं करून द्यायची, प्रवेशानंतर पाठपुरावा ठेवायचा, एवढंच आमचं काम. निकालानंतर आठवड्याभरात थोरली आईबरोबर आली. तिचा प्रश्न होता, "ताई, कुठला कोर्स करू?" आईचा वेगळा होता, "महाद्वार रोडला साडीच्या दुकानात सहा हजारावर घेतोय म्हणालेत. धाडू का?"

अडचण

पहिल्या बैठकीत आम्ही कोर्सचा विषय काढला नाही. वही उघडली आणि आईला म्हटलं, मावशी, महिन्याचं सगळं सांगा.

आईचे चार घरांचे मिळून साधारण आठ हजार. वडिलांचे सात, पण दर महिन्याला नाहीत. खोलीभाडं साडेतीन हजार. मायक्रोफायनान्सची दोन गटकर्जं चालू होती, एक वडिलांच्या दुखण्यात घेतलेलं आणि दुसरं पहिल्याचा हप्ता थकला म्हणून. दोन्हींचे आठवड्याचे मिळून अकराशे रुपये जायचे, म्हणजे महिन्याला पावणेपाच हजारांच्या आसपास. मग किराणा, गॅस, औषधं, रिचार्ज, धाकट्याची शिकवणी. वडिलांचं काम बंद पडलं की हप्त्याच्या सोमवारी आई एखाद्या घरून पगार आधी उचलायची.

या हिशोबात थोरलीचे सहा हजार आधीच धरलेले होते. नोकरी लागायची होती, पण ते पैसे घराने मनात खर्चूनही टाकले होते.

सरकारी आयटीआयची फी फार नसते आणि सवलतीही असतात. पण या घरासाठी दोन वर्षांच्या आयटीआयची खरी फी म्हणजे महिन्याला घरी न येणारे सहा हजार. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक वसतिगृहं का उभी केली, हे अशा घरात बसल्यावर नीट कळतं. शाळा होत्या. पण खेड्यातून आलेल्या पोराने राहायचं कुठे आणि जेवायचं काय, हा प्रश्न शाळेने सुटत नव्हता. आधी मराठा बोर्डिंग, मग जैन, मुस्लिम, लिंगायत आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजासाठी १९०८ चं मिस क्लार्क बोर्डिंग. १९१७ चा मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम त्याच्या कितीतरी नंतरचा. आजच्या कौशल्य योजनांमध्ये प्रशिक्षण मोफत असतं, प्रमाणपत्र असतं, टी-शर्टही असतो. शिकणाऱ्याच्या घराचा त्या काळातला हप्ता मात्र कुणाच्या योजनेत नसतो.

दुसरी अडचण आईच्या मनातली होती. कारखान्याचं नाव काढताच ती म्हणाली, "आमच्या मालकांचं काय झालं बघितलं न्हवं? परत त्याच धुळीत पोरगी धाडू?" तिच्या लेखी कारखाना म्हणजे काळी वाळू, भट्टी आणि रात्री कण्हणारा नवरा. ही भीती अडाणीपणाची नव्हती, बावीस वर्षांच्या अनुभवातून आलेली होती.

समोर असलेले पर्याय

साडीचं दुकान हा सगळ्यात जवळचा पर्याय. पगार पहिल्या महिन्यापासून, ठिकाण ओळखीचं, घरच्यांना पसंत. आमची हरकत अशी की तिथे पाच वर्षांनीही तीच गादी आणि तोच पगार, फार तर हजार-दोन हजार जास्त. लग्नसराई सोडली तर कपातही होते.

दुसरा पर्याय तीन महिन्यांचा सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) ऑपरेटरचा मोफत कोर्स, नोकरीच्या हमीसह. हे ऐकायला फार चांगलं वाटतं आणि काही मुलांना त्याचा उपयोगही होतो. पण अशा कोर्समधून बाहेर पडलेल्या ओळखीच्या मुलांना आम्ही विचारलं, तेव्हा बहुतेकांचं उत्तर एकच होतं. मशीनचं दार उघडायचं, जॉब (घडवायचा भाग) लावायचा, बटण दाबायचं, जॉब काढायचा. प्रोग्रॅमला हात नाही, सेटिंगला हात नाही, नेमणूक ठेकेदाराची. तीन महिन्यांत याहून जास्त शिकवता येणंही अवघडच.

हॉस्पिटलमधल्या मदतनीसाचा कोर्स आईला आवडला होता. कोल्हापुरात हॉस्पिटलं भरपूर, पांढरा कोट, लोक मान देतात. पण थोरलीने स्वतःच नको म्हटलं. वडिलांच्या दुखण्यात सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, ती पुष्कळ दिवस काढून आली होती, ते वातावरण तिला परत नको होतं. आम्ही तो विषय तिथेच सोडला. मुलगी नाही म्हणते तेव्हा ते नाही ऐकून घ्यायचं असतं.

राहिलं आयटीआय. इंजिनिअरिंग ट्रेडचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो, त्यामुळे बारावी आर्ट्स आड येत नव्हतं. राज्यभराची प्रवेशप्रक्रिया एकच आणि ऑनलाइन, आणि मुलींसाठी जागा राखीव. इथे घरच्यांचा, आणि खरं सांगायचं तर शेजारपाजारच्या सगळ्यांचाच, कल कॉम्प्युटर ऑपरेटरच्या एका वर्षाच्या ट्रेडकडे होता. मुलगी आहे, खुर्चीत बसून काम, वर्षात मोकळी. आम्ही स्थानिक कारखान्यांना नेमकं कोण लागतं याची माहिती घेतली होती. कास्टिंग मशीनवर घासून पूर्ण करून देणारे मशीन शॉप इथे वाढत आहेत आणि त्यांना मशिनिस्ट (मशीनवर धातूचा भाग घडवणारा), टर्नर आणि तपासणी करणारी माणसं कमी पडतात. नुसता कॉम्प्युटर येणारी मुलं मात्र गल्लोगल्ली आहेत.

पहिला निर्णय: कोणता ट्रेड

सल्ला देऊन हे सुटलं नसतं. आईला कारखाना दाखवल्याशिवाय तिचं मन वळणार नव्हतं आणि दाखवूनही वळलं नसतं तर तो तिचा अधिकार होता.

गोकुळ शिरगावच्या एका मध्यम मशीन शॉपच्या मालकांनी पाळी बदलायच्या वेळी आत यायची परवानगी दिली. आई, थोरली आणि आमची एक कार्यकर्ती असे तिघीजणी गेल्या. आत व्हीएमसी (एका प्रकारची सीएनसी) मशीन ओळीने, दारं बंद, काचेआड मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटची पांढरी धार. एका टेबलाशी वसाहतीतल्याच वाटाव्यात अशा वयाची मुलगी एका हाउसिंगचा बोअर, म्हणजे त्या भागातलं गोल भोक, तपासत होती. बोअर गेज आत सोडायची, हलकेच मागेपुढे करायची, डायलवरचा काटा जिथे वळतो तिथला आकडा बघायची आणि तक्त्यात लिहायची. थोरली तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली, ती हललीच नाही. त्या मुलीने गेज तिच्या हातात दिला.

आईने मशीनबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. सुपरवायझरना तिने विचारलं, "बायकांचं बाथरूम कुठं हाय?" मग स्वतः जाऊन बघून आली. नंतर गाडी कुठपर्यंत सोडते, पोरींना रात्रपाळी आहे का आणि बोटाला लागलं तर दवाखान्याचं कोण बघतं. सुपरवायझर दुसऱ्या प्रश्नानंतर जरा चपापले, पण उत्तरं नीट दिली. बाहेर आल्यावर रिक्षात बसताना ती म्हणाली, "ही फौंड्री न्हवंच की."

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा तास तो होता. करिअर मार्गदर्शनाच्या कार्यक्रमांत मुलांना सभागृहात बसवून स्लाइड दाखवल्या जातात. ज्या आईच्या होकारावर पुढचं सगळं अवलंबून असतं, तिला तिचे प्रश्न विचारायला जागाच मिळत नाही.

थोरलीने मशिनिस्ट ट्रेड पहिल्या पसंतीला टाकला.

पैशांची जुळवाजुळव

आता सहा हजारांचं भगदाड. ते एका ठिकाणाहून भरलं जाणार नव्हतं.

वहीतला हिशोब पुन्हा पाहताना लक्षात आलं की आठवड्याला साडेसहाशेचं मोठं गटकर्ज जानेवारी २०२३ मध्ये फिटत होतं. ते फिटल्यावर महिन्याला पावणेतीन हजार मोकळे होणार होते, नवीन कर्ज उचललं नाही तर. अशा गटांत जुनं फिटलं की लगेच नवं घ्यायचा आग्रह होतो, गटातल्या बायकाही आग्रह करतात. आईने आमच्यासमोर नाही, वडिलांसमोर कबूल केलं की नवं घ्यायचं नाही. तो शब्द तिने पाळला आणि त्यासाठी गटात बोलणीही खाल्ली.

दुसरं, पाळी. सरकारी आयटीआयमध्ये बऱ्याच ट्रेडना दोन पाळ्या असतात. सकाळची मिळाली तर दुपारनंतर मुलगी मोकळी. प्रवेशाच्या वेळी तिने सकाळचीच मागितली आणि मिळाली. विद्यापीठाच्या बाजूला एका झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात संध्याकाळी चार तास काम आणि महिन्याला तीन हजार. कळंबा रोडच्या आयटीआयला जायला केएमटीचा (शहर बसचा) विद्यार्थी पास. जानेवारीपर्यंतच्या महिन्यांसाठी आमच्या निधीतून दरमहा हजार रुपये, आईच्या खात्यावर नाही, थोरलीच्या नव्या खात्यावर. घरात पैशांचा शब्द तिचाही चालावा असं आम्हाला वाटत होतं.

तरी पहिले चार-पाच महिने दीड-दोन हजारांची ओढाताण राहिली. एका महिन्यात आईने कानातले गहाण ठेवले. ते नंतर सुटले.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण यात एक प्रवेश हातचा जायचा राहिला. वडिलांचं नाव शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक, रेशन कार्डावर दुसरं. उत्पन्नाचा दाखला रेशन कार्डावरच्या नावाने निघाला आणि कागदपत्र पडताळणीत तो अडला. प्रतिज्ञापत्र करून पुन्हा सेतू केंद्रात अर्ज टाकावा लागला. दुसऱ्या फेरीच्या मुदतीत कसंबसं बसलं.

दुसरा निर्णय: धाकट्याचं काय

२०२३ च्या जूनमध्ये धाकट्याचा दहावीचा निकाल लागला. गणित आणि विज्ञानात नापास. त्याच सुमारास वडिलांच्या बांधकामावरचं काम संपलं. घरात ठरलं की धाकट्याने उद्यमनगरात ओळखीच्या वर्कशॉपमध्ये लागावं. एकाचं शिक्षण चालू ठेवायचं तर दुसऱ्याने हातभार लावायचा, हा सरळ हिशोब.

धाकट्याचं स्वतःचं मत तिसरंच होतं. त्याला सैन्यात किंवा पोलिसांत भरती व्हायचं होतं. पहाटे मित्रांबरोबर मैदानावर पळायचा, आणि आठ-दहा हजार फी घेणाऱ्या एका अकादमीचं पत्रक खिशात घेऊन हिंडायचा. कोल्हापूर जिल्ह्यात भरतीचं वेड किती खोल आहे आणि त्यामागे मानाची केवढी ओढ आहे, हे मला ठाऊक आहे, म्हणून त्याला कुणी हसलेलं मला चाललं नसतं. आम्ही त्याच्यापुढे फक्त अटी ठेवल्या. पोलिस शिपाई व्हायला बारावी पास लागते. सैन्याच्या २०२२ पासूनच्या अग्निवीर भरतीत जनरल ड्युटीसाठी दहावी पास, एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ टक्के लागतात. म्हणजे कुठल्याही वाटेने जायचं तरी आधी गणित-विज्ञान सोडवायलाच हवं. अकादमी नंतर.

हे त्याला पटलं. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरला. पण वर्कशॉपचं काम सुरू झालंच, सकाळी नऊ ते रात्री आठ. अभ्यास कधी करणार? आम्ही वर्कशॉपच्या मालकांना परीक्षेपर्यंत पाच वाजता सोडायची विनंती केली, ते हो म्हणाले आणि आठवडाभर सोडलंही. मग कामाची गर्दी आली. विज्ञान सुटलं, गणित राहिलं.

या वळणावर घराने थोरलीचं आयटीआय थांबवलं नाही, आणि ते श्रेय वडिलांचं. ते म्हणाले, "अर्ध्यात सोडलं तर दोघंबी माझ्यागत हुतील." कंबर धरून का होईना, त्यांनी पुन्हा वॉचमनचं काम शोधलं.

तिसरा निर्णय: दोन वर्षांनंतर

थोरली २०२४ मध्ये मशिनिस्ट म्हणून चांगल्या गुणांनी बाहेर पडली. समोर तीन दारं होती.

एका ठेकेदारामार्फत शिरोलीत थेट नोकरी, हातात चौदा हजार. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना नुकतीच आली होती, त्यात आयटीआयवाल्यांना सहा महिने दरमहा आठ हजार मिळणार होते. आणि एका मोठ्या कारखान्यात वर्षाची अप्रेंटिसशिप, म्हणजे काम करत शिकायची उमेदवारी, साडेदहा हजार विद्यावेतन, जेवण आणि गाडी. नियमांनी ठरवलेलं किमान विद्यावेतन २०१९ च्या दुरुस्तीनुसार पात्रतेप्रमाणे पाच ते नऊ हजारांच्या पट्ट्यात होतं, त्याहून हे जास्त. ३० किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांना अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे आणि विद्यावेतनाचा काही वाटा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, केंद्राच्या योजनेतून येतो. त्यामुळे मोठे कारखाने जागा काढतात.

घरच्यांना चौदा हजार हवे होते, आणि त्यांना दोष देता येणार नाही. आम्ही दोन्ही बाजू तशाच मांडल्या. अप्रेंटिसला पीएफ नाही. वर्ष झाल्यावर कारखान्याने नोकरी द्यायलाच हवी अशी सक्ती कायद्यात नाही. पण कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची असते, शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्राची परीक्षा होते, आणि मोजणीपासून सेटिंगपर्यंत वेगवेगळ्या विभागांत फिरवून शिकवणं अपेक्षित असतं. ठेकेदाराच्या नोकरीत ती एका मशीनला जखडली गेली असती. भरपाईचा मुद्दा ऐकून आईने एकदाच विचारलं, "हे कागदावर असतंय?" करार दाखवल्यावर ती अप्रेंटिसशिपच्या बाजूला आली.

कारखान्यातलं वर्ष

सगळ्यात कठीण भाग इथे आला.

प्रत्येक अप्रेंटिसला रोजच्या कामाची दैनंदिनी लिहावी लागते. तीन-चार महिन्यांनी थोरली सुट्टीच्या दिवशी ती वही घेऊन आमच्याकडे आली. सुरुवातीच्या पानांवर सुरक्षा, व्हर्नियर, मायक्रोमीटर, ड्रॉइंग वाचन. मग एका पानापासून प्रत्येक ओळीत एकच शब्द, "डीबरिंग". म्हणजे मशीनवरून आलेल्या जॉबच्या कडांना राहिलेली धातूची कूस कानशीने काढायची. सहा आठवडे, रोज आठ तास. प्रत्येक ओळीखाली सुपरवायझरची सही. तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी घट्टा पडला होता.

तिच्याबरोबरची आणखी एक मुलगी काम सोडून गेली होती. थोरलीही सोडायच्या बेतात होती. म्हणाली, "ताई, साडीच्या दुकानात बसून तरी होते."

तिला काढून घेणं, अप्रेंटिसशिप बघणाऱ्या सरकारी कार्यालयात तक्रार करणं, किंवा कारखान्याशीच बोलणं, असे मार्ग होते. तक्रारीचा हक्क तिला होता आणि तो आम्ही तिला समजावून सांगितला. पण तिला तिथेच वर्ष पूर्ण करायचं होतं. म्हणून आम्ही मनुष्यबळ विभागाच्या अधिकाऱ्यांना भेटलो. बोलणं असं ठेवलं: ही तिची वही, हा तुमचाच प्रशिक्षणाचा आराखडा, यात तपासणी आणि सेटिंगचे महिने आहेत, ते कधी सुरू होतील? आवाज चढवला नाही, पण वही टेबलावरून उचललीही नाही. त्यांनी पानं उलटली. नेमकं काय घडलं ते त्यांनाही माहीत नसावं. त्या विभागात माणसं कमी होती आणि सुपरवायझरने हाताशी असलेल्या मुलींना तिथे बसवलं होतं.

पुढच्या महिन्यापासून तिला तपासणी विभागात घेतलं. मग थोडे दिवस सेटरच्या, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणाऱ्याच्या, हाताखाली. एवढं करून डीबरिंगचं काम दुसऱ्या अप्रेंटिसकडे गेलं, हेही नोंदवायला हवं. एका मुलीचा प्रश्न सुटला म्हणजे त्या खात्याची पद्धत सुधारली असं नव्हे. त्याबद्दल आम्ही नंतर त्या कारखान्याशी पुन्हा बोललो आहोत, आणि अजून बोलणं चालू आहे.

निष्पत्ती

वर्ष संपलं तेव्हा ऑर्डरी कमी होत्या. कारखान्याने त्या बॅचमधल्या कुणालाच कायम केलं नाही. घरात दोन आठवडे वातावरण जड होतं आणि चौदा हजारांची आठवण निघालीच.

पण बोअर गेज, हाइट गेज आणि तपासणीचा अहवाल येणाऱ्या मुलीला गोकुळ शिरगावात काम मिळायला वेळ लागला नाही. आता ती एका मशीन शॉपमध्ये तपासनीस आहे, कंपनीच्या हजेरीपटावर, पीएफ आणि ईएसआयसीसह. हातात साडेपंधरा हजार. त्या ठेकेदाराच्या नोकरीपेक्षा लगेच फार जास्त नाहीत, हे लपवायचं कारण नाही. फरक असा की तिथल्या सुपरवायझरने तिला ड्रॉइंगमधल्या भौमितिक टॉलरन्सचं (आकारात किती फरक चालतो त्याचं) शिकवायला सुरुवात केली आहे, आणि दोन वर्षांचं आयटीआय झाल्यामुळे पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाट तिच्यासाठी उघडी आहे. ती घ्यायची की दोन वर्षं कमवून घर सावरायचं, यावर घरात अजून मतभेद आहेत. आईचं म्हणणं शिक. थोरलीचं म्हणणं, आधी बाबांच्या कंबरेचं बघू. ईएसआयसीत अवलंबून असलेल्या आई-वडिलांवरही उपचार होतात, हे कळल्यापासून ती त्या कागदांच्या मागे आहे.

धाकट्याचं गणित तिसऱ्या खेपेला सुटलं. आयटीआयमध्ये वेल्डरला प्रवेश घेतला, पण पहिल्याच सत्रात हजेरी घसरली, कारण तो वर्कशॉपचं काम सोडायला तयार नव्हता. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. सध्या तो पुन्हा वर्कशॉपमध्ये आहे आणि पहाटे पळणं सुरू आहे. त्याच्या वाट्याला यातलं फारसं काही आलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

धाकट्यापासूनच सुरुवात करायला हवी. सगळं लक्ष थोरलीवर होतं आणि घराच्या वहीत त्याचं नाव फक्त शिकवणीच्या खर्चाच्या रकान्यात होतं. तिच्या दोन वर्षांचा भार शेवटी कुणाच्या खांद्यावर जाणार, हे २०२२ मध्येच कागदावर मांडता आलं असतं. तसं केलं असतं तर हजार रुपयांची मदत सगळी थोरलीसाठी संपवण्याऐवजी काही भाग त्याच्या दहावीच्या वर्षासाठी राखून ठेवता आला असता. आता आम्ही घरातल्या एका मुलाचा आराखडा करत नाही, शिकत्या वयाच्या सगळ्यांचा एकाच पानावर करतो.

दैनंदिनी पहिल्या महिन्यापासूनच नियमित बघायला हवी. सहा आठवड्यांचं डीबरिंग दोन आठवड्यांतच दिसलं असतं, आणि काम सोडून गेलेली ती दुसरी मुलगी कदाचित टिकली असती. अप्रेंटिसशिप लागली की संस्थांच्या अहवालात ती "नोकरी मिळाली" म्हणून जमा होते आणि फाईल बंद होते. खरी मदत लागते ती त्यानंतर.

नावातला फरक, दाखला, प्रतिज्ञापत्र ही कामं निकालानंतर नव्हे, जानेवारी-फेब्रुवारीतच व्हायला हवीत. यंदा दहावीला बसणाऱ्या वस्तीतल्या मुलांचे दाखले आणि रेशन कार्डं आम्ही शेजारी शेजारी ठेवून तपासत आहोत. बऱ्याच घरांत आडनावाच्या एखाद्या अक्षराचा तरी घोळ सापडतो.

अप्रेंटिसशिप की चौदा हजार, या निर्णयाबद्दल आमच्यातच अजून दोन मतं आहेत. माझं मत अप्रेंटिसशिपच्या बाजूने आहे, कारण आजची तपासणीची नोकरी त्या वर्षामुळे मिळाली. माझ्या सहकाऱ्याचं म्हणणं असं की त्या वर्षात साडेतीन हजारांचा फरक धाकट्याच्या आयटीआयला पुरला असता, आणि कदाचित तोही आज वेल्डर असता. याला माझ्याकडे उत्तर नाही. पुढच्या प्रवेशफेरीला धाकट्याचा अर्ज पुन्हा भरायचा आहे, सकाळच्या पाळीचा, आणि त्याआधी त्याच्या वर्कशॉपच्या मालकांशी दुपारनंतरच्या कामाबद्दल बोलायचं आहे.